दादा, मी हक्कसोडपत्रावर सही करणार नाही

स्टॅव्हांगर, नॉर्वे
सप्टेंबर 2025

प्रिय दादा आणि वहिनी,

दोघांनाही सा. न. आईला नमस्कार, सईला खूप आशीर्वाद.

वकिलांनी पाठवलेला कुलमुखत्यारपत्राचा मसुदा मिळाला. मी ओस्लोच्या दूतावासात जाऊन सही करायची, कागद तिकडे पाठवायचा आणि मग आप्पांच्या पश्चात त्यांच्या जमिनीतल्या हिश्श्याचं ताईचं आणि माझं हक्कसोडपत्र एकाच दिवशी नोंदवून टाकायचं, असं तू कळवलंयस. दादा, मी ही सही करणार नाही. हेच फोनवर बोलले असते तर तुझा आवाज चढला असता आणि मला रडू आलं असतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

तुला वाटेल, हिला तिकडे काय कमी आहे? काही कमी नाही. मला जमिनीचा पैसा नको, वाटणी मागून बांध घालायचा नाही, आणि द्राक्षबाग तूच कसणार यातही काही बदलायचं नाही. पण मला गरज नाही म्हणून मी सही केली की ताईला नाही म्हणायची सोय राहत नाही. "धाकटीनं एका शब्दानं दिलं, मोठी मात्र अडून बसली," हे वाक्य कोण कोण बोलेल, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही.

ताई मला फोनवर म्हणाली, "करून टाकू गं सही. माहेर तुटायला नको." ती हे प्रेमापोटी बोलली असती तर मी गप्प बसले असते. ती घाबरून बोलत होती. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला वाटतं की सही केली नाही तर भाऊबीजेला भाऊ दारात उभं करणार नाही. तू तसा नाहीस हे मला माहीत आहे. पण गावात तिनं काय पाहिलंय? हिस्सा मागितलेल्या मुलींची नावं लग्नपत्रिकेतूनसुद्धा गळाली. तिच्या सासरच्या सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, आणि आता माहेरच्याही नसेल. लग्नात दिलं म्हणतोस, तर ते सोनं तिच्या अंगावर किती दिवस राहिलं? दोन बोअर मारले तिच्या सासऱ्यांनी त्यातून. पाणी लागलं ते त्यांच्या जमिनीला.

ताईच्या बाबतीत मला एक गोष्ट फार लागते. तिचं लग्न मे 1993 मध्ये झालं. महाराष्ट्रानं 22 जून 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, पण त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्यांना वगळलं. आधी बोहल्यावर चढली म्हणून ताई बाहेर, आणि मी शाळेत होते म्हणून आत. एकाच आईच्या पोटच्या दोघी. 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राचा सुधारित कायदा लागू झाला, त्यात लग्नाची ही अट राहिली नाही. मग त्या दिवशी वडील हयात हवेत की नकोत, यावर कोर्टात खल चालला. शेवटी 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की मुलीचा हा हक्क जन्मानं येतो, वडील तेव्हा हयात असोत वा नसोत. बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं, त्यामागे बायकांना मिळकतीत हक्क देणारं हिंदू कोड बिल रखडलं हे एक मोठं कारण होतं. तिथपासून इथवर यायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली. एवढं सगळं झाल्यावर तो हक्क निबंधक कार्यालयात एका दुपारी सोडून द्यायचा, हे माझ्या मनाला पटत नाही.

इथं आमच्या गावाबाहेर यॅरनचा पट्टा आहे, सपाट आणि वाऱ्याचा, बटाटे नि दुभत्या गाई. मी ज्या बाईकडून बटाटे आणते, ते शेत तिचं आहे. नवऱ्याचं नाही, तिचं. ती थोरली, भाऊ धाकटा. अंगणातच वेगळं छोटं घर आहे, त्यात तिचे म्हातारे आईवडील राहतात. शेत पुढच्या पिढीला दिलं तरी त्यांचं घर शेतातच राहतं, अशी इथली जुनी रीत. या देशानं मुलींना वारसाहक्कात बरोबरी 1854 मध्ये दिली, बायकांना मत 1913 मध्ये दिलं. पण शेतावरचा थोरल्याचा अग्रहक्क, त्याला इथं ओडेल म्हणतात, तो मात्र मुलाकडेच जायचा. 1974 च्या कायद्यानं तो थोरल्या अपत्याचा झाला, मुलगा असो की मुलगी, आणि तिथंही अट होतीच: 1 जानेवारी 1965 नंतर जन्मलेल्यांनाच. तारखेची कुऱ्हाड इथल्या बहिणींवरही पडली.

इथलं सगळं आदर्श आहे असं मी म्हणत नाही. सगळं शेत एकालाच मिळतं, हे मला आपल्याकडे नकोच. आणि कायदा होऊन पन्नास वर्षं झाली तरी इथं साधारण सहा शेतांमागे एकच बाई चालवते. कितीतरी थोरल्या मुली आपणहून धाकट्या भावाला शेत देतात, कारण लहानपणी ट्रॅक्टरवर त्याला बसवलं, हिला नाही. त्या बाईला मी विचारलं, तू कशी काय घेतलंस? म्हणाली, बाबा मला दहाव्या वर्षापासून सांगायचे की हे तुझं आहे. दादा, आप्पांनी ताईला किंवा मला असं कधी सांगितलं? मी त्यांना दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पण आईला सांगितलं होतं! नोव्हेंबर 1986 मध्ये ती शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेली होती, आठवतं? पदराला लाल बिल्ला लावून ट्रकमध्ये बसली, आणि आपण आजीजवळ राहिलो. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला, बायकोच्या नावे जमीन करून देण्याचा. शासनानंही 1992 मध्ये निर्णय काढला की नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागेल. आप्पांनी तो अर्ज केला नाही. आईनं तो विषय परत काढल्याचं मला आठवत नाही. आता वारस म्हणून तिचं नाव पहिल्यांदा त्या कागदावर येईल, नवरा गेल्यानंतर. ते तरी नीट, ठळक राहू दे. "इतर अधिकार" च्या रकान्यात कोंबू नका.

वहिनी, आता तुमच्याशी बोलते. मागच्या हंगामात तुम्ही विरळणीला मांडवाखाली उभ्या होतात, मान वर करून, हातात कात्री, सकाळी सातपासून. डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवायच्या, दिवसात तुमची बोटं हिरवीगार होतात, ती आठवडाभर सुटत नाहीत. कांद्याची लागवड तुम्ही बाया लावून करून घेता, मजुरीचा हिशेब तुमच्या वहीत असतो. पण गारपिटीचा पंचनामा झाला की भरपाई दादाच्या खात्यावर येते, कारण सातबारा पाहून शेतकरी ठरतो. देशात खेड्यातल्या काम करणाऱ्या चार बायकांपैकी तीन शेतीत राबतात, आणि 2015-16 च्या कृषिगणनेत खातेदार बायका 14 टक्क्यांच्या आसपास. विदर्भ-मराठवाड्यात नवऱ्यानं आत्महत्या केलेल्या बायकांचे हाल होतात, त्यात हे एक मोठं कारण: जमीन नावावर नाही, म्हणून कर्ज नाही, म्हणून सासरा म्हणेल ते.

म्हणून दादा, माझं म्हणणं असं आहे. वारस नोंदीत आई, ताई, तू आणि मी, चौघांचीही नावं लावून घे. माझा हिस्सा तूच कस, त्यातलं उत्पन्न मला नको, तसं मी लिहून देते. पीककर्जासाठी माझी संमती लागेल तेव्हा मी देईन, कागद अडणार नाही. ताईच्या हिश्श्याचं मात्र तिला दरवर्षी काहीतरी रोख मिळालं पाहिजे, तिच्या स्वतःच्या खात्यावर. किती ते तुम्ही दोघं बसून ठरवा. जमीन विकायची वेळ आलीच तर चौघांच्या सह्या लागतील, आणि आईच्या हयातीत ते मला हवंच आहे. आणि तुझ्या हिश्श्यात वहिनींचं नाव लावायचा अर्ज तू कर. सईलाही सांग की या जमिनीत तिचा हक्क जन्मापासूनचा आहे. बारावीच्या अभ्यासात तिला हे कुणी शिकवणार नाही.

तू चिडशील. दोन दिवस बोलू नकोस, चालेल. पण ताईवर आवाज चढवू नकोस, तिला यातलं काही माहीत नाही, हे सगळं माझं आहे. आधी आईला हे पत्र वाचायला दे आणि ती काय म्हणते ते ऐक.

मी दिवाळीला येते आहे, भाऊबीजेला ताईलाही घरी बोलव. वकिलांना सांग की मसुदा रद्द. वारस नोंदीसाठी माझ्या कोणत्या कागदांच्या प्रती लागतील ते तलाठ्याला विचारून कळव, लगेच पाठवते. ऑक्टोबर छाटणी कधी धरलीस तेही लिही.

तुझी,
धाकटी