आई-बाबा, गोळ्यांचे डबे आता दोन

प्रिय आई-बाबा,
सा. न.

ठरवलंय ते आधी सांगते. सोमवारी सकाळी सात वाजता रक्त घ्यायला घरी माणूस येईल. आईचं बी१२, बाबांचं आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते. पैसे भरलेत. आणि दोघं मिळून घेता ती मल्टीव्हिटॅमिनची बाटली आजपासून बंद. डॉक्टरांशी बोलूनच सांगतेय. तुम्हाला न विचारता ठरवलं, रागावू नका. बंगळुरूत बसून तुम्हाला हुकूम सोडताना मलाही बरं वाटत नाही.

आई, दिवाळीत जिना उतरताना तुझी चप्पल पायातून निसटली आणि तू चार पायऱ्या तशीच उतरलीस. तुला कळलंच नाही. तेव्हापासून माझं मन लागत नाहीये. मला ताप आला की रात्रभर माझे तळपाय चोळायचीस तू. आता तुझ्याच पायांना मुंग्या येतात. बी१२ कमी पडलं की नसा झिजतात, म्हणून शंका त्याचीच. मेटफॉर्मिन, तुझी मधुमेहाची गोळी, वर्षानुवर्षं घेतली की आतड्यात बी१२ कमी शोषलं जातं. त्यात तुझी अ‍ॅसिडिटीची गोळी: पोटात आम्ल कमी, म्हणजे अन्नातलं बी१२ नीट सुटं होत नाही. मावशीचंही कमीच होतं. थोडं जनुकांवरही असतं. तुझ्या स्वयंपाकात काही कमी नाही गं. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. याज्ञिकांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, तर दोनतृतीयांश जणींचं बी१२ कमी निघालं. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून सोडायचं नाही. नुसतं फॉलिक अ‍ॅसिडही नको. त्यानं रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची झीज आतल्या आत चालूच राहते.

बाबा, तुमचं वेगळं आहे. हृदयाच्या व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतरची तुमची रक्त पातळ ठेवायची गोळी, रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के पुन्हा वापरात आणणारं एन्झाइम अडवते. ते ज्या जनुकावरून बनतं ते व्हीकेओआरसी१, आणि गोळीचा निचरा करणाऱ्या एन्झाइमचं सीवायपी२सी९. दोन्ही माणसामाणसांत वेगळी असतात. म्हणून तुम्हाला अर्धी पुरते आणि बापूकाकांना दीड लागायची. त्यांच्यावरून आपला डोस ठरवू नका. त्या बाटलीत व्हिटॅमिन के आहे, त्यानं तुमच्या गोळीचा जोर कमी होतो. पालेभाजी सोडायची नाही. मंडईतून मेथी, पालक आणा, अळूचं फदफदं खा, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढंच. एकदम जुडीच्या जुडी नको आणि एकदम बंदही नको. गुडघा दुखला म्हणून दुकानातून पेनकिलर आणायची नाही. कुणी अँटिबायोटिक दिलं तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं. आणि आईला बी१२चं इंजेक्शन सुरू झालं तर ‘मलाही एक द्या’ म्हणू नका. रक्त पातळ असताना दंडात सुई टोचली की आत रक्त साकळू शकतं.

डबे पाठवतेय. आईचा हिरवा, बाबांचा निळा. झाकणावर वार मराठीतच आहेत आणि अक्षर मोठं आहे, चष्मा शोधायला नको. तळजाईला फिरायला जरूर जा, पण आईला पट्ट्याच्या सँडल घालूनच न्या. लक्ष्मी रोडवर चांगल्या मिळतात, किमतीकडे बघू नका. रिपोर्ट आला की फोटो पाठवा, दोन्ही पानांचा. आकडे बघून ‘सगळं नॉर्मल आहे’ असं परस्पर ठरवू नका, डॉक्टरांना मी फोन करते.

तुमची,
चिमी