वाचन हिब्रूत, अर्थ अरामीत

रविवारच्या पुरवणीत प्राचीन यहुद्यांवर आलेल्या लेखात 'बाबिलोनच्या बंदिवासानंतर हिब्रू बोलण्यातून नाहीशी झाली' असे विधान आहे. ते मला पटले नाही. या बंदिवासानंतर, म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकात यहुद्यांना बाबिलोनला नेले गेले त्यानंतर, हिब्रूच्या जवळच्या अरामी भाषेचा जोर वाढला हे खरेच. इजिप्तमधील एलिफंटाइन बेटावरच्या यहुदी वसाहतीची इ.स.पू. पाचव्या शतकातील पत्रे आणि करार अरामीतच आहेत. पण म्हणून हिब्रू संपली नव्हती. इ.स. 132 ते 135 च्या रोमविरोधी बंडाचा नेता बार कोखबा याची पत्रे मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडली, ती हिब्रू, अरामी आणि ग्रीक अशा तिन्ही भाषांत आहेत. हे धर्मग्रंथ नव्हेत, माणसांना धाडलेले हुकूम आणि निरोप आहेत. सुक्कोत या यहुदी मांडवांच्या सणासाठी खजुराच्या फांद्या पाठवा, असा निरोपही त्यांत आहे!

सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात तर दोन भाषा शेजारी नांदत. तोरातील, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांतील, एक वचन हिब्रूत वाचायचे, की लगेच दुसऱ्याने त्याचा अर्थ अरामीत सांगायचा. संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील मात्र तीन वचने एका दमात चालत. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात तसा नियमच आहे. इजिप्तमधील अलेक्झांड्रियात तर ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांसाठी तोराचे ग्रीक भाषांतर इ.स.पू. तिसऱ्या शतकातच झाले.

आपल्या कोकणातील मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, म्हणजे बेने इस्रायली समाजातही हेच दिसते: 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या हगादा या पोथीत मूळ हिब्रूबरोबर मराठी भाषांतर आहे.

— एक वाचक, अलिबाग