अरुंद गल्ल्यांसाठी फेसाचा बंब

संपादक महोदय,

मागच्या उन्हाळ्यात इतवारीतील आमच्या गल्लीत कापडाच्या एका गोदामाला आग लागली, तेव्हा बंबाचे पाणी गठ्ठ्यांवरून ओघळून थेट नालीत जात होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, वरून चिंब दिसणारा गठ्ठा उघडला तर आतून धूर निघाला. नुसते पाणी पृष्ठताणामुळे, म्हणजे पसरण्याऐवजी थेंब धरून राहण्याच्या ओढीमुळे, अशा मालात सहज मुरत नाही. दाबाखालील हवेच्या फेसयंत्रणेत मात्र पाण्यात साधारण ०.३ ते ०.५ टक्के फेसद्रावण मिसळून, पाइपात शिरण्यापूर्वीच त्यात दाबाची हवा सोडतात. त्यातून तयार होणारा बारीक, घट्ट फेस भिंतीला आणि छतालाही चिकटून उष्णता शोषत राहतो, शिवाय द्रावणामुळे पृष्ठताण कमी झाल्याने पाणी कापडाच्या आतपर्यंत पोहोचते. पाइपात बरीचशी हवाच असल्याने तो हलका राहतो, हे आमच्याकडचे उभे जिने (एकदा चढून पाहावेत!) चढणाऱ्या जवानांसाठी मोलाचे आहे. पेट्रोल-डिझेलच्या आगीसाठी द्रावण वेगळे लागते, एवढे भान ठेवावे लागेल. मोठा बंब या गल्ल्यांत शिरतच नाही. म्हणून अग्निशमन विभागाने अशी यंत्रणा बसवलेली लहान वाहने दाट वस्तीजवळ, निदान एप्रिल ते जून या काळात, उभी ठेवावीत.

– एक वाचक, इतवारी, नागपूर