वगळलेल्या ग्रहांचीही बातमी छापा की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर दोन-तीन महिन्यांनी आपल्या पेपरात ‘दुसरी पृथ्वी सापडली’ अशी बातमी असते, सोबत निळ्या-हिरव्या गोळ्याचं झकास चित्र, जे कुणीतरी कॉम्प्युटरवर कल्पनेने काढलेलं असतं. छापा, माझी काही हरकत नाही, मी पण आधी तेच वाचतो. पण यातलेच काही ग्रह पुढे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या अधिकृत यादीतून काढून टाकले जातात आणि ती बातमी मात्र कुठेच येत नाही, हे काही बरोबर नाही.

आता फोमलहॉटचंच घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी दक्षिणेला एक एकटाच ठळक तारा दिसतो ना, तोच, २५ प्रकाशवर्षांवरचा. हबल टेलिस्कोपच्या २००४ आणि २००६ च्या फोटोंत त्याच्याजवळ एक ठिपका होता आणि दोन वर्षांत तो थोडा सरकलेला दिसला, म्हणून २००८ मध्ये ग्रह सापडला असं जाहीर झालं आणि तो जगभर गाजला. २०१५ त आंतरराष्ट्रीय खगोल संघाने लोकांची मतं मागवून त्याचं डेगॉन असं नाव पण ठेवलं. मग गडबड सुरू झाली. ठिपका फोटोगणिक फिका होत, पसरत चाललेला, २०१४ च्या फोटोत तर दिसेचना, आणि ग्रहाची उष्णता ज्यात दिसायला हवी त्या इन्फ्रारेडमध्ये तो पहिल्यापासूनच दिसत नव्हता (शंकेची पाल तिथेच चुकचुकली होती म्हणा). शेवटी २०२० मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या दोघांनी सगळे जुने फोटो परत तपासले आणि सांगितलं की हा ग्रह नसावाच, दोन बर्फाळ गोळे एकमेकांवर आदळून उडालेला धुरळा असावा. नासाच्या यादीतून नाव गेलं. बारसं होऊन गेलं आणि पाळण्यात कुणीच नाही!

अल्फा सेंटॉरी बी या ताऱ्याभोवतीचा ग्रह २०१२ मध्ये असाच गाजला होता, आपल्या अगदी शेजारचा म्हणून. २०१५ त ऑक्सफर्डच्या लोकांनी दाखवून दिलं की निरीक्षणांच्या तारखांमध्ये जे गॅप होते त्यामुळेच आकडेमोडीत ग्रहाचा वाटणारा तो सिग्नल उमटला होता. आणि हे काही आजकालचंच आहे असंही नाही, १८५५ मध्ये आपल्या मद्रास वेधशाळेच्या कॅप्टन जेकब यांनी ७० ऑफियुकी या जोडताऱ्याच्या कक्षेत थोडी गडबड दिसते म्हणून तिथे ग्रह असावा असं लिहिलं होतं, ते पण पुढे टिकलं नाही.

म्हणून ती यादी कशी चालते हे वाचकांना एकदा नीट सांगा. नासाची यादी अमेरिकेत पॅसाडेनाला कॅलटेक या विज्ञानसंस्थेत सांभाळतात, मार्च २०२२ मध्ये तिने ५००० चा टप्पा ओलांडला, सप्टेंबर २०२५ मध्ये ६००० चा. पॅरिस वेधशाळेची यादी त्याच्याही आधीची, १९९५ पासूनची, आणि तिथला आकडा कायम मोठा असतो कारण ते गुरूच्या ६० पट वस्तुमानापर्यंतचे धरतात, नासा ३० पटींवर थांबते. त्यामुळे ‘आजवर इतके ग्रह सापडले’ असं छापताना कुणाच्या यादीप्रमाणे ते सांगायला नको का? नासाच्या वेबसाइटवर एखादा ग्रह उघडून बघा, एकच आकडा नसतो, प्रत्येक रिसर्च पेपरची वेगळी ओळ असते, प्रत्येक आकड्यापुढे कमी-जास्त किती होऊ शकतं ते असतं, आणि त्यातली एक ओळ डिफॉल्ट म्हणून निवडलेली असते. अजून खात्री न झालेले उमेदवार ग्रह वेगळे, पक्के वेगळे. आणि वगळलेल्यांचं पण पान आहे! म्हणजे ते लोक काही लपवत नाहीत, आपणच वाचत नाही.

दुसरं म्हणजे हे ‘पृथ्वीसारखा’ प्रकरण. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की उजेड किंचित कमी होतो, पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोर आला तर दहा हजारात एक भागही कमी होत नाही. यावरून ग्रहाचा आकार कळतो, बस. तिथे पाणी आहे का, हवा आहे का, काही कळत नाही. लांबून कुणी आपल्याकडे असं बघितलं तर शुक्र पण ‘पृथ्वीसारखा’च ठरेल, जिथे शिसं वितळेल इतकं तापमान आहे.

तर विनंती एवढीच की रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा छोटी चौकट टाका, नवे किती आले, वगळले किती, आणि का वगळले ते दोन ओळीत. आपल्याकडचंही त्यात येऊ द्या. माउंट अबूला गुरुशिखरावर अहमदाबादच्या पीआरएलचा (भौतिक संशोधन प्रयोगशाळेचा) टेलिस्कोप आहे, त्यावरून शोधलेला टीओआय-४६०३ बी २०२३ मध्ये जाहीर झाला, आकाराने जवळपास गुरूएवढा पण वस्तुमान साधारण १३ पट, म्हणजे ग्रह कुठे संपतो आणि तपकिरी बटू तारा (ग्रहाहून जड, पण खऱ्या ताऱ्यासारखा पेटू न शकलेला) कुठे सुरू होतो त्या सीमेवरच बसलेला. तो छापाल तेव्हा नुसता ‘ग्रह’ लिहून मोकळे होऊ नका, ही सीमेची भानगड पण लिहा.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली