जिना आणि घोळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सत्राच्या शेवटच्या प्रयोगाची धावपळ होती. काल प्रयोग झाला, आज सकाळी आम्ही सेट उतरवला आणि आता निवांत लिहायला बसलोय.

तू विचारलंस, सगळं मोजूनमापून करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांना नेपथ्य आणि वेशभूषा शिकवता येते का? इथले एक सहकारीही मला हेच विचारत असतात. त्यांना मी नुसतं ‘येते’ म्हणतो. तुला मात्र एका जिन्याची हकीकत सांगतो.

नाटकात राणी १८० सेंटिमीटर उंचीच्या चौथऱ्यावरून खाली दरबारात येते. जिन्याचं काम स्थापत्यच्या एका मुलीकडे होतं. तिने नऊ चढांचा जिना काढला, प्रत्येक चढ २० सेंटिमीटर आणि पायरीची रुंदी २४. भार किती, आधार कुठे, फळी किती जाड, सगळं गणित चोख. जिना बांधला, आम्ही चौघं एकदम त्यावर उभे राहिलो, तर जरासुद्धा हलला नाही. मग पायघोळ पोशाख घालून राणी आली आणि दुसऱ्याच पायरीवर तिने मान खाली घातली. पाय कुठे टाकायचा ते तिला बघावं लागत होतं. पुढे प्रत्येक पायरीला तेच. एका हातात घोळ, दुसरा हात कठड्यावर, नजर पायाशी. दरबार तिच्याकडे बघतोय आणि ती फळ्यांकडे!

ती मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “सर, माझं गणित बरोबर आहे.” मी म्हटलं, “आहेच. आता हा घागरा तू घाल आणि उतर.” ती तीन वेळा उतरली आणि काही न बोलता टेप घेऊन बसली.

चढ १५ आणि पायरी ३५ धरली, तर उंची तीच राहून चढ बारा झाले, पण जिन्याची लांबी जवळजवळ दुप्पट झाली. तो सरळ बसेना, म्हणून मध्ये एक सपाट टप्पा देऊन काटकोनात वळवला. वेशभूषेच्या गटाने घेराची पुढची कड चार सेंटिमीटर वर घेतली, मागची तशीच लोळती ठेवली. आणि गंमत बघ, त्या टप्प्यावर राणी आपोआप थांबायला लागली. वळताना मागचा घोळ हळूहळू तिच्याभोवती फिरून यायचा, तेवढा वेळ ती दरबारावरून नजर फिरवायची. दिग्दर्शकाने सांगितलं नव्हतं, संहितेत लिहिलं नव्हतं. काल प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, तो क्षण तोच.

यासाठीच नेपथ्य आणि वेशभूषा हे दोन वेगळे विषय करायला माझा ठाम विरोध आहे. वेळापत्रकात ते सोयीचं पडतं, पण जिना आणि घोळ यांची गाठ पडते ती थेट रंगमंचावर, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. आता मी तालमीच्या पहिल्या दिवसापासून नटांना सरावाचा घेर घालायला लावतो, जुन्या चादरीचा का असेना.

त्या आठवड्यात मी वर्गाला अडोल्फ आपिया या स्विस नेपथ्यकाराची १९०९च्या सुमाराची चित्रं दाखवली. नुसत्या पायऱ्या, चौथरे, भिंती आणि सावल्या. पायरी कडक हवी, म्हणजे तिच्यावरचं शरीर जिवंत दिसतं, असा त्याचा विचार. एरवी मुलांनी ही चित्रं इतिहास म्हणून वहीत उतरवून घेतली असती, पण जिन्याने घाम काढल्यावर ती चित्रांजवळून हलेनात. चेक नेपथ्यकार योझेफ स्वोबोदा आधी सुतारकाम शिकला, मग वास्तुकला, हे सांगितल्यावर तर मागच्या बाकावरची दोन पोरंही पुढे येऊन बसली.

सेटचं छोटं मॉडेल आम्ही १:२५ प्रमाणात करतो. त्यात पायरीचा १५चा चढ सहा मिलिमीटर होतो आणि पेन्सिल एक मिलिमीटर सरकली तर रंगमंचावर अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो. हे या पोरांना समजवावं लागत नाही. माझा नियम एकच: मॉडेलमध्ये पहिल्या दिवसापासून पावणेसात सेंटिमीटरचा पुठ्ठ्याचा माणूस उभा हवा. तो नसेल तर मी मॉडेल बघतच नाही.

कापडाच्या बाबतीतही त्यांचं डोकं झरझर चालतं. उभा धागा, आडवा धागा आणि उरेब, म्हणजे तिरका काप, यांत ताण कसा बदलतो, हे मटेरियल इंजिनिअरिंगच्या पोराला एकदा ओढून दाखवलं की पुरे. रंगाने मात्र सगळ्यांना चकवलं. दोन करडी कापडं ट्यूबलाइटखाली हुबेहूब एक, म्हणून एकाची बाही आणि दुसऱ्याचं अंग शिवलं. रंगमंचावरच्या दिव्यांत बाही तांबूस दिसायला लागली. दोन रंगद्रव्यं वेगवेगळ्या तरंगलांबी परत पाठवतात, एका उजेडात बेरीज जुळते, दुसऱ्यात नाही. भौतिकशास्त्राच्या पेपरात सगळ्यांनी हे लिहिलंय, पण बाहीवर कुणी पाहिलं नव्हतं. आता कापडाचा तुकडा रंगमंचाच्या दिव्याखाली धरल्याशिवाय कुणी कात्री लावत नाही.

चाळीस सेकंदांत पोशाख बदलायचा होता, तिथे मुलांनी स्टॉपवॉच लावून वेल्क्रो बसवला. वेळ साधली, पण शांत प्रवेशात तो विंगेतून कर्रर्र वाजला. मग प्रेस बटणं आली आणि वरची खोटी काजं तशीच राहिली.

एका गोष्टीत मी कमी पडतोय आणि तिथे तू हवा आहेस. मांजरपाटाचा कच्चा नमुना अंगावर टाचून, माणसाला चालवून, बसवून, मग कापणं, हे मला तोंडाने सांगता येतं, हाताने दाखवता येत नाही. मुलं सगळं स्क्रीनवर बेतून येतात आणि मग काखेत कापड अडतं. पुढच्या सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस काढून ये. जिनावाल्या मुलीने वेशभूषेच्या गटात नाव घातलंय, तिला तुझ्या हाताखाली बसवायचं आहे. येताना तुझी कात्री आण, इथल्या सगळ्या कात्र्यांनी पुठ्ठे कापलेत.

तुझाच मित्र