संशोधिकेला मुक्कामाची सोय हवी

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

सविनय नमस्कार.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. आमच्या संग्रहात स्त्रियांच्या इतिहासाच्या अभ्यासकांसाठी निवासी संशोधनवृत्ती सुरू व्हावी, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे.

संग्रह म्हणजे ग्रंथालयामागची एक खोली आणि चार कपाटे. गावोगावच्या घरांतून आलेली पत्रे, मजुरीच्या वह्या आणि महिला मंडळांची इतिवृत्ते त्यांत आहेत. एका इतिवृत्तात एकाच बाईच्या नावापुढे सुरुवातीला निळा अंगठा आहे आणि पुढे एका सभेपासून तिथे रेघेखाली घसरलेली, वाकडीतिकडी सही दिसते. मधल्या काळात तिला कोणी शिकवले, हे वहीत नाही. ते सांगू शकतील अशा तिच्या सोबतिणी आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना ऐकू कमी येते, कापूस वेचायला गेलेली सून घरी परतल्यावरच बोलणे सुरू होते, आणि तोवर शेवटची एसटी निघून गेलेली असते. गेल्या हिवाळ्यात आलेल्या एका संशोधिकेला, बाई एकटी आहे म्हणून, इथल्या लॉजवर खोली मिळाली नाही. दोन तासांत जेवढे झाले तेवढे टिपून ती परतली.

याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे स्त्री-पुरुष विषमतेवर टीका करणारे पुस्तक १८८२ साली छापले गेले आणि पुढे विस्मरणात गेले. १९७५ साली साहित्यसंशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. छापलेले होते म्हणून पुस्तक तरी सापडले, पण बाईंच्या उत्तरायुष्याविषयी आज फारसे काही हाती लागत नाही, याची मला इथली ग्रंथपाल म्हणून फार खंत वाटते. नागपुरात दलित महिला परिषद भरली त्याच १९४२ साली अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजने स्त्रियांच्या कागदपत्रांचा संग्रह सुरू केला, आणि दुरून येणाऱ्या अभ्यासकांना तिथे अर्थसाहाय्यही दिले जाते.

आमची मागणी वर्षाला दोन अभ्यासकांची, प्रत्येकी तीन महिन्यांची आहे. मानधन व प्रवासखर्च शासनाने द्यावा. वाचलेल्या कागदांची सूची आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण अभ्यासकाने संग्रहाला द्यावे. पहिली वृत्ती उन्हाळ्यात ठेवता येईल, कारण तेव्हा वसतिगृहाच्या खोल्या रिकाम्या असतात आणि शेतातली कामे थांबल्याने बायाही घरी भेटतात.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल, जि. बुलढाणा