सेल्फ फिरतो, पण गाडी घेत नाही: मिस्त्रीकाकांचे आभार

मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी मोटार बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या. आता या गाडीचं बॉनेट उघडून नीट बघणारा माणूस सापडत नाही. तुम्ही फोनवरून, तेही पैसे न घेता, आम्हा पद्मिनीवाल्यांना वाट दाखवत असता, म्हणून हे पत्र.

सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही, असं झालं की भोवतीची माणसं दोनच उपाय सांगतात: बॅटरी बदला, नाहीतर धक्का मारा. सेल्फ इंजिन फिरवतोच आहे, मग धक्क्यानं वेगळं काय होणार, हा तुमचा सवाल बिनतोड आहे. आणि धक्क्यावर गाडी घेतलीच, तर दोष बॅटरीकडे. सेल्फ सगळा जोर ओढून घेतो आणि ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलला काही उरत नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली उतरलं की हाच संशय घ्यायचा.

तुमचा क्रम आम्ही मोडत नाही: आधी करंट, मग पेट्रोल. प्लग काढून त्याच्याच वायरला जोडायचा, लोखंडी भाग इंजिनाला टेकवायचा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ उडते. वायर रबरी मुठीच्या पक्कडीनं धरायची. ठिणगी निळी, टकटक वाजणारी हवी. पिवळी, मरतुकडी आली तर पॉइंटला (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांना) जोडलेला कंडेन्सर बघायचा.

ठिणगीच नसेल तर डेल्कोचं, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढून सेल्फ मारायचा आणि आतला रोटर फिरतो का ते बघायचं. हे अर्ध्या मिनिटाचं काम सगळे विसरतात. रोटर थांबलेला असेल तर टायमिंग चेन किंवा डेल्कोचा गिअर गेला. पॉइंट घासत बसण्यात अर्थ नाही. फिरत असेल तर कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावायचा, दुसरं टोक बॉडीला. सेल्फबरोबर दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडमीट करताहेत. विझलेलाच राहिला आणि कॉइलच्या दुसऱ्या टोकाला मात्र करंट येत असेल, तर बहुधा पॉइंट उघडतच नाहीत: त्यांची कॅमला टेकणारी टाच झिजत जाते तशी फट मिटत जाते. टाच कॅमच्या उंचवट्यावर आणून फिलर गेजनं फट ०.४२ ते ०.४८ मिमी ठेवायची. पॉइंट जळून काळेनिळे झाले असतील तर नुसते घासून भागत नाही. कंडेन्सर तोच ठेवला तर नवे पॉइंटही तसेच जळतात.

पावसाळ्यात झाकण आतून पुसायचं. केसासारखी काळी रेघ दिसली तर करंट तिथून पळतो. मग झाकणच बदलायचं. वायरी काढल्या असतील तर १-३-४-२ हा क्रम जुळवून बघायचा. चुकला की कार्बोरेटरमधून फटाके.

पेट्रोलसाठी आधी कॉइलची मधली वायर काढून बॉडीला लावायची, मग कार्बोरेटरचा पाइप बाटलीत सोडून सेल्फ मारायचा. एसी पंपानं (इंजिनावर चालणाऱ्या पेट्रोलच्या पंपानं) ठोक्याठोक्याला पिचकारी मारली पाहिजे. नसेल तर पंपातला पडदा, डायफ्रॅम, गेला. तो फाटला की पेट्रोल ऑइलात उतरतं, म्हणून डिपस्टिक हुंगायची. पातळी वाढलेली आणि वास पेट्रोलचा असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवायची नाही. आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही, त्यामुळे पाइपही तपासावेच लागतात.

मे महिन्यात घाट चढून थांबलेली गाडी पुन्हा घेत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा पंपात झालेली वाफ. त्यावर तुमचं ओलं फडकं! पंपावर टाकायचं, दहा मिनिटं बसायचं. उलट पेट्रोलचा भपका येत असेल आणि प्लग ओले निघाले तर चोक पूर्ण आत, ॲक्सिलरेटर तळाला दाबून धरायचा, पंपिंग अजिबात नाही, आणि सेल्फ पाच-सहा सेकंद.

एक गोष्ट मात्र आम्ही अजून चुकतो, काका. नव्या पॉइंटच्या टाचेला मोहरीएवढंच ग्रीस लावायचं असतं. आमच्यातला कुणी ना कुणी हरभऱ्याएवढं लावतो, ते उडून पॉइंटवर बसतं, आणि तुमचा फोन पुन्हा वाजतो. तेवढं सांभाळून घ्या.

तुमचे,
जुने पद्मिनीवाले